लेपर्ड गेकोची अंडी नाशिकच्या हवेत उबवताना

लेपर्ड गेको या ठिपक्यांच्या पाळीव पालीच्या मादीने अंडी घातली आहेत, हे बहुधा अंडी दिसण्याआधी मादीकडे पाहूनच कळते. आदल्या संध्याकाळपर्यंत जिच्या पोटाच्या पातळ कातडीखाली दोन लांबट, पांढुरके फुगवटे स्पष्ट दिसत होते, ती सकाळी एकदम बारीक झालेली, कुशीला सुरकुत्या पडलेली आणि नखांना ओला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चिकटलेली अशी कोपऱ्यात निजलेली असते. अंडी घालण्यासाठी ठेवलेल्या ओलसर डब्याचे झाकण अलगद काढून वरचा थर बोटाने बाजूला सारला, की तळाशी जवळजवळ ठेवल्यासारखी, सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर लांबीची दोन अंडी सापडतात. ताजी असताना ती मऊ आणि किंचित चिकट लागतात आणि काही तासांत पातळ चामड्यासारखी ताठ होतात. या पालीची मादी अंड्यांवर बसत नाही आणि त्यांची राखणही करत नाही. निसर्गात ती ओलसर मातीत अंडी पुरून निघून जाते आणि पुढचे सारे काम जमीन करते. घरात ते जमिनीचे काम सहा ते नऊ आठवडे आपल्याला करायचे असते.

नाशिकमध्ये हा प्राणी पाळणाऱ्यांनी अंडी मिळाल्यावर मला विचारलेला पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे अंड्यांना ऊब कशी द्यायची. माझ्या अनुभवाने तो प्रश्न अपुरा आहे. आपल्याकडे ऊब देणे अवघड नाही. ती हवी त्या मर्यादेत रोखून धरणे अवघड आहे, आणि घरी वाया जाणारी अंडी मी पाहिली आहेत ती थंडीने फारशी नव्हे, उन्हाळ्याने आणि चुकीच्या ओलाव्याने गेलेली आहेत.

मुळात हे अंडे कसे आहे, ते समजून घेतले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. आपल्या भिंतीवरची पाल जी अंडी घालते त्यांचे कवच चुनखडीचे आणि टणक असते. ती कपाटामागे, खिडकीच्या फटीत, अगदी कोरड्या जागीही तग धरतात, कारण आतले पाणी त्या कवचातून सहजासहजी बाहेर जात नाही. लेपर्ड गेको मात्र पालींच्या वेगळ्या कुळातला आहे. त्याला हलणाऱ्या पापण्या असतात, बोटांना भिंतीवर चिकटण्याची सोय नसते, आणि त्याच्या अंड्याचे कवच सच्छिद्र, चर्मपत्रासारखे असते. हे अंडे भोवतालच्या ओलसर थरातून पाणी शोषून घेते, दिवसेंदिवस फुगते आणि त्याचे वजनही वाढते. म्हणजे घातलेल्या दिवशी पिल्लाला लागणारे सगळे पाणी त्यात नसते. भोवताल कोरडा पडला, तर ओढ उलटी होते. अंड्यातले पाणी बाहेर जाऊ लागते आणि कवचाला खळगा पडतो. भोवताल चिखलासारखा ओला असला, तर कवचाची छिद्रे पाण्याने भरतात आणि आतल्या जिवाला हवा मिळत नाही.

दुसरी गोष्ट अंडे न फिरवण्याची. खुडूक कोंबडी आपल्या पोटाखालची अंडी चोचीने दिवसातून अनेकदा उलटीपालटी करते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, आणि म्हणूनच या अंड्यांनाही तसेच फिरवायला हवे असा अनेकांचा समज होतो. कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्ही टोकांकडून धरून ठेवणारे पांढरे, पिळदार दोर असतात. अंडे फोडून वाटीत घेतले की ते दिसतात. अंडे कसेही फिरले तरी त्या दोरांमुळे बलक सावरला जातो आणि गर्भ वरच्या बाजूला राहतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात असे दोर नसतात. पहिल्या दिवसभरातच गर्भ बलकाच्या वरच्या बाजूला स्थिरावतो आणि त्याची आवरणे कवचाला आतून धरू लागतात; त्यानंतर अंडे उलटे झाले, तर तो नाजूक धरबंध तुटण्याचा किंवा गर्भ बलकाच्या भाराखाली दबण्याचा धोका असतो. म्हणून अंडी दिसताच, उचलण्याआधी, प्रत्येकाच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने एक बारीक खूण करावी आणि पुढे शेवटपर्यंत ती खूण वरच ठेवावी. दोन अंडी एकमेकांना चिकटलेली असली, तर ती वेगळी करण्याचा प्रयत्न करू नये. तशीच जोडीने ठेवावीत. कोंबडीची अंडी उबवण्याचे छोटे यंत्र घरात असले, तर त्यातला अंडी फिरवणारा ट्रे आधी काढून टाकावा, आणि पंख्याने आतली हवा कोरडी होत असेल तर अंडी बंद डब्यातच ठेवावीत.

हा डबा म्हणजे स्वयंपाकघरातला झाकणाचा साधा प्लॅस्टिकचा डबा चालतो. त्यात भरायला व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारे हलके खनिज दाणे, घ्यावेत. द्राक्ष, भाजीपाला आणि रोपवाटिकांच्या या जिल्ह्यात या दोन्ही वस्तू रोपे विकणाऱ्यांकडे मिळणे कठीण नाही. कोकोपीटही चालतो, पण त्यात पाणी किती आहे याचा अंदाज चुकतो आणि बुरशीही लवकर येते, म्हणून मी तो केवळ मादीच्या डब्यासाठी वापरते. व्हर्मिक्युलाइट कोरडे असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावे आणि साधारण त्याच्याच वजनाइतके किंवा थोडे कमी पाणी त्यात घालून नीट कालवावे: पन्नास ग्रॅमला चाळीस ते पन्नास ग्रॅम पाणी. येथे माप आकारमानाने नव्हे, वजनाने घ्यायचे आहे. वाटीला वाटी पाणी घातले की अंडी बुडालीच म्हणायची. काटा नसेल तर मूठभर मिश्रण घट्ट दाबून पाहावे. गोळा वळला पाहिजे, पण बोटांच्या फटीतून पाणी ठिबकता कामा नये. या थरात अंगठ्याने खळगा करून अंडे निम्मे आत आणि निम्मे वर राहील असे ठेवावे, झाकणाला टाचणीने चार-दोन भोके पाडावीत, आणि डबा भरल्यावर त्याचे एकूण वजन झाकणावर लिहून ठेवावे. आठवड्याने पुन्हा तोलल्यावर वजन घटलेले दिसले, तर गेले तेवढे पाणी डब्याच्या कडेने, अंड्यांवर थेंब पडू न देता, घालता येते. त्याच वेळी झाकण मिनिटभर उघडे राहते आणि आतली हवाही बदलते. त्याहून अधिक वेळा डबा उघडण्याची गरज नसते, आणि उत्सुकता कितीही असली तरी तो मोह आवरावा.

आता तापमान. या विषयातला सर्वांत विलक्षण भाग इथे आहे. लेपर्ड गेकोमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हे आपल्यासारखे गुणसूत्रांवर ठरत नाही. अंडे किती तापमानात वाढले यावर ठरते. सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये असे घडते याची पहिली नोंद १९६६ साली मादलेन शार्निये या फ्रेंच संशोधिकेने सेनेगलमधील डकार येथे आफ्रिकेतल्या आगामा सरड्यावर केलेल्या कामातून झाली. लेपर्ड गेकोवरच्या प्रयोगांत दिसलेले चित्र साधारण असे आहे: २६ अंशांच्या आसपास जवळजवळ सगळ्या माद्या, ३० अंशांना माद्या अधिक पण काही नर, ३२ ते ३३ अंशांना बहुसंख्य नर, आणि ३४ अंशांच्या पुढे गेले की पुन्हा बहुतेक माद्याच. लिंग ठरण्याचा काळ साधारणपणे उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात येतो. अंडी ज्या दिवशी सापडतात त्या आठवड्यातल्या एखाद्या दिवसाच्या चढउताराने त्यामुळे लिंग बदलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मात्र तापमान सांभाळणे महत्त्वाचे ठरते.

जास्त तापमानाच्या माद्या पुढे कशा वागतात, हेही अभ्यासले गेले आहे. टेक्सास विद्यापीठातील डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे याच प्राण्यावर काम केले आणि उबवणीचे तापमान केवळ लिंगच नव्हे, तर प्रौढपणीचे आक्रमक वागणेही घडवते, असे त्यांना आढळले. अधिक तापमानात वाढलेल्या माद्या कमी तापमानाच्या माद्यांपेक्षा जास्त आक्रमक असतात. घरी पाळायचे प्राणी निपजवताना, लवकर पिल्ले मिळावीत म्हणून तापमान चढवणे मला म्हणूनच योग्य वाटत नाही. ३२ अंशांना पिल्लू साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत बाहेर येते, २६-२७ अंशांना त्याला दोन महिने किंवा त्याहून थोडे अधिक लागतात. त्या वाचलेल्या पंधरा-वीस दिवसांपेक्षा, अंडी ३५ अंशांच्या वर जाऊन मरण्यापासून आपण सात-आठ अंश दूर आहोत, ही निश्चिंती मला मोलाची वाटते.

नाशिकचा प्रश्न याच आकड्यांत दडलेला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरच्या या शहरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांपर्यंत आणि कधी त्याखालीही उतरतो, निफाडकडे तर आणखी खाली. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तो चाळिशीच्या जवळ जातो. हिवाळ्यात प्राणी थंडावतात, कमी खातात, आणि जानेवारीनंतर हवा तापू लागली की त्यांचा विणीचा काळ सुरू होतो. मीलनानंतर महिन्याभराने अंडी आणि त्यापुढे दोन महिन्यांची उबवण असा हिशेब केला, की आपल्याकडची बरीच अंडी नेमकी एप्रिल-मेच्या तोंडावर येतात. थर्मोस्टॅट लावलेली हीटिंग पॅड किंवा हीटिंग केबल या वेळी कामाची राहत नाही. थर्मोस्टॅट तापवणे बंद करू शकतो. थंड करू शकत नाही. खोलीच ३६ अंशांवर असली, तर उत्तम दर्जाचे यंत्रही आतल्या अंड्यांना ३६ अंशांतच ठेवणार.

हे मी पुस्तकातून नव्हे, अंडी गमावून शिकले. इंदिरानगरमध्ये आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत होतो आणि थर्माकोलच्या खोक्यात केलेले माझे यंत्र मार्चभर २८ अंशांवर न हलता उभे होते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस गावी गेले आणि परत येऊन पाहते तो थर्मोस्टॅटचा लाल दिवा विझलेला, म्हणजे हीटर बंद, आणि आतल्या प्रोबवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सुईवर, ३६.४ अंश. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत होता आणि थर्माकोल ती आत धरून ठेवत होता. चारही अंडी दोन-तीन दिवसांत खचली, पिवळी पडली आणि त्यांना वास येऊ लागला. उघडून पाहिल्यावर दोहोंत बोटाच्या पेराएवढे, पाय फुटलेले जीव होते.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला त्याच सांगते. पहिली, नर-मादी एकत्र सोडण्याचा काळ पुढे ढकलावा. मे महिन्याच्या मध्यावर एकत्र सोडले, तर पहिली अंडी जूनच्या उत्तरार्धात येतात आणि पावसाळ्यात आपल्या घरातले तापमान दिवसरात्र साधारण पंचवीस ते एकोणतीस अंशांत राहते. हवाही ओलसर असते. मादी नराचे बीज साठवून ठेवू शकते, त्यामुळे एकाच मीलनानंतर ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने अनेकदा दोन-दोन अंडी घालते. नर परत सोडावा लागत नाही. दुसरी, उन्हाळ्यात अंडी आलीच तर डबा तळमजल्यावरच्या, शक्यतो उत्तरेकडच्या खोलीत, फरशीवर ठेवावा. आई-वडील, मावशी, शेजारच्या काकू, ज्यांचे घर गार असेल त्यांना विनंती करावी. डबा न हिंदकळवता गाडीने नेणे शक्य असते, फक्त खूण वर राहिली पाहिजे. वाळ्याचा कूलर खोली थंड करतो, परंतु त्याचा झोत डब्यावर येऊ देऊ नये.

वीज जाण्याची भीती मात्र लोकांना वाटते तेवढी खरी नाही. पाच-सहा तासांत तापमान २८ वरून २४ अंशांवर आले, तरी अंडी सहसा सुखरूप राहतात. वाढ थोडी मंदावते इतकेच. खोक्यात पाण्याने भरलेल्या दोन-तीन बंद बाटल्या ठेवल्या, तर त्या दिवसभर ऊब साठवतात आणि वीज गेल्यावर हळूहळू सोडतात.

थर्मामीटर स्वतः किती खरा आहे, हेही एकदा पाहावे. पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घालून ढवळावे आणि प्रोब मध्यभागी धरावा. दोन मिनिटांत शून्य दिसले पाहिजे. मग कोमट पाण्यात तो प्रोब आणि घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर एकत्र धरून ३७ अंशांच्या आसपास दोहोंतला फरक पाहावा. स्वस्त थर्मामीटर दोन अंशांनी चुकलेला निघणे काही विशेष नाही, आणि या कामात दोन अंश म्हणजे पिल्लांचे लिंग बदलण्याइतका फरक आहे.

अंडे फलित आहे की नाही, हे आठवड्याभराने अंधाऱ्या खोलीत कळते. मोबाइलचा नव्हे, पेनाएवढ्या बारीक टॉर्चचा उजेड अंड्याच्या कुशीला टेकवून धरावा. अंडे जागचे उचलू नये. आत गुलाबी वलय किंवा त्यातून फुटलेल्या लाल रेषा दिसल्या, तर अंडे जिवंत आहे. सगळीकडे एकसारखा पिवळा उजेड दिसला, तर ते बहुधा वांझ आहे, तरी ते लगेच टाकण्याची घाई करू नये, कारण पहिल्या तपासणीत चूक होते. वांझ अंडे पुढे स्वतःच खचते आणि त्यावर बुरशी येते. चांगल्या अंड्यावर बुरशीचा ठिपका आला तर तो कोरड्या कापसाने अलगद टिपावा. निरोगी अंडी बुरशीने सहसा मरत नाहीत, मेलेल्या अंड्यांवर मात्र ती पसरते. पहिल्यांदा विणाऱ्या मादीची पहिली अंडी वांझ निघणे नेहमीचे आहे.

मादीचाही विचार येथेच करायला हवा. प्रत्येक अंड्याच्या मागे तिच्या हाडांतले कॅल्शियम खर्च होते. वर्षापेक्षा लहान आणि पंचेचाळीस-पन्नास ग्रॅमपेक्षा हलक्या मादीला नराजवळ सोडू नये. विणीच्या काळात तिच्या टोपणात कॅल्शियमची पूड कायम असावी आणि किड्यांवर डी-तीन जीवनसत्त्व असलेली पूड भुरभुरावी. पोट फुगलेले असूनही ती अंडी घालत नसेल, खाणे सोडून सतत उकरत असेल, तर घरगुती उपाय न करता पशुवैद्यकाकडे न्यावे.

आणि डबा भरण्यापूर्वी एक हिशेब मांडावा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एक मादी एका हंगामात दहा-बारा अंडी सहज घालते, आणि हा प्राणी नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. त्या पिल्लांना चांगली घरे मिळणार नसतील, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच, गर्भ फार वाढण्याआधी, अंडी फ्रीजरमध्ये ठेवून देणे हाच दयाळू मार्ग आहे. पिल्ले रानात, पांडवलेणीच्या डोंगरावर किंवा गोदाकाठी सोडणे हा मार्ग कधीच नाही. बाहेरचा प्राणी तेथे मरतो किंवा स्थानिक जिवांना रोग देतो. महाराष्ट्रात या प्राण्याचे रानटी भाऊबंद आहेतच. युब्लेफॅरिस फस्कस नावाची पाल आपल्या आणि गुजरातच्या कोरड्या, खडकाळ भागांत आढळते. सातपुड्यातील युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस या जातीचे वर्णन तर २०१४ साली झाले. पावसाळ्यात शेतघरापाशी अशी ठिपक्यांची पाल दिसली, तर तिला विषारी समजून मारू नये, कारण कोणतीही पाल विषारी नसते, आणि पाळण्यासाठी पकडूनही आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यानंतर चौथ्या अनुसूचीतल्या परदेशी प्राण्यांच्या मालकांना नोंदणी करावी लागते आणि पिल्ले झाल्यावर तीही कळवावी लागतात. २०२४ च्या नियमांनुसार ही नोंद केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर होते. आपल्या प्राण्याचे शास्त्रीय नाव अनुसूचीत आहे का, हे वीण घेण्याआधी तपासावे.

पिल्लू बाहेर येण्याच्या एक-दोन दिवस आधी अंड्याला घाम फुटल्यासारखे थेंब येतात आणि ताठ कवच किंचित सैल पडून त्याला खळगा पडतो. या खळग्याला घाबरून पाणी ओतू नये. मग कवचावर एक-दोन बारीक, सरळ चिरा दिसतात. पालींच्या पिल्लांच्या तोंडाच्या टोकाशी अंडे फाडण्यासाठीच उगवलेले दोन इवलेसे दात असतात आणि ते पुढे लवकरच गळून पडतात. चिरेतून नाकाचे टोक बाहेर येते आणि पिल्लू थांबते; कधी तासभर, कधी अर्धा दिवस. हा थांबा म्हणजे अडचण नव्हे. आत उरलेला बलक त्या वेळी त्याच्या पोटात शोषला जात असतो. मदत म्हणून कवच सोलले, तर रक्तवाहिन्या फाटून पिल्लू मरते. माझ्या मुलीला पहिल्या वेळी हे समजावणे कठीण गेले, ती डब्यापाशी बसून विचारत राहिली, "आई, ते दमलंय का गं?" मी तिला सांगितले की ते शेवटचे जेवण जेवते आहे.

बाहेर आलेले पिल्लू सात-आठ सेंटिमीटर लांब आणि तीनेक ग्रॅमचे असते, अंगावर काळे-पिवळे रुंद पट्टे असलेले. प्रौढपणीचे ठिपके पुढे येतात. बोट जवळ नेले की ते पाठ उंचावून, शेपूट हलवत बारीक आवाजात ओरडते. त्याला ओलसर टिश्यू पेपर अंथरलेल्या छोट्या डब्यात एकटे ठेवावे. आई-बापाजवळ ठेवू नये, कारण ते त्याला भक्ष्य समजू शकतात. पाण्याची टोपणाएवढी उथळ वाटी आणि लपायला एक ओलसर कोपरा, इतके पहिल्या दिवशी पुरते. हात लावल्यावर साबणाने धुवावेत, विशेषतः घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर, कारण या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

पहिल्या दिवसांत ते काही खात नाही आणि त्याने काळजीत पडू नये. पोटातला बलक अजून त्याला पुरतो आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचे अंग पांढुरके, धूसर होते, मग तोंडाकडून कात सुटू लागते आणि ते ती ओढून काढून स्वतःच खाते. कात टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसलेला एक लहानसा झुरळाचा किंवा रातकिड्याचा छावा कॅल्शियमच्या पुडीत घोळून त्याच्यासमोर सोडावा, दिवा मंद करावा आणि डब्यापासून दूर बसून पाहावे. शेपटीचे टोक थरथरू लागले, की ते शिकार करणार आहे.